तारेला टोचलेली कार्डं

(दिंडीच्या शतकमहोत्सवी सोहळ्यात, काल्याच्या आदल्या रात्री केलेले भाषण)



दिंडीला शंभर वर्षं झाली. मंडळी म्हणाली, महाराज, आज कीर्तन नको, जुन्या आठवणीचे दोन शब्द बोला. आम्ही हो म्हटलं खरं, पण मनात धाकधूक. कीर्तनात संतांचा अभंग पुढं चालतो, आम्ही त्याच्या मागं. वाट चुकायची भीती नसते. भाषणात तसा आधार नाही. आमचं शिक्षण चौथी. बाकीचं आयुष्य वावरात आणि दिंडीत गेलं. म्हणून आधाराला घरून एक वस्तू आणली आहे. मागं बसलेल्या माउलींना दिसत नसेल, तर सांगतो. ही एक तार आहे. खाली लाकडाची चकती, वर आकडा, आणि मधे टोचलेली पोस्टाची कार्डं.

आपल्यापैकी जे पिकल्या केसांचे आहेत त्यांना ही तार ओळखू येईल. ओसरीच्या खांबाला ती लटकलेली असायची. पोस्टमननं कार्ड दिलं, वाचून झालं, की तारेत टोचायचं. नवं आलं की जुनं खाली. आमच्या घरची तार मागच्या उन्हाळ्यात सापडली. जुनं मातीचं घर पाडलं, तर माळ्यावरच्या संदुकीमागं ही पडलेली. मुलगा म्हणे, बाबा, चुलीत घालू का? आम्ही म्हटलं, थांब बाप्पा, पाहू तर दे.

कार्ड ही गरिबाची वस्तू. आपल्या देशात ते १ जुलै १८७९ ला सुरू झालं. किंमत पाव आणा. आमच्या संसाराच्या दिवसांत ते १५ पैशाला मिळे, पुढं ५० पैसे झालं. पण कार्डाला पाकीट नाही. उघडं दारच ते. पोस्टमन वाचणार, घरात वाचून दाखवणारं पोरगं वाचणार, शेजारीण कुडाआडून ऐकणार. म्हणून घरचं दुखणं कोणी कार्डावर उघडं लिहीत नसे. वर 'श्री', खाली 'इकडील सर्व कुशल, तुमचे कुशल कळवावे', शेवटी 'मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद'. मधे जागा उरली तर पीकपाणी.

पावसाळ्यात आम्ही रोज रात्री हरिपाठ झाला की पाच-पाच कार्डं वाचत गेलो. वाचता वाचता ध्यानात आलं की 'सर्व कुशल' हे दोन शब्द सगळ्यांचे सारखे, पण त्यांच्या पाठीमागचं आयुष्य प्रत्येकाचं वेगळं.

आधी पत्ताच पाहा. आपलं गाव काटोल-कळमेश्वराच्या पट्ट्यात आहे तिथंच आहे, बोटभर हललं नाही. पण सर्वात खालच्या कार्डांवर पत्ता आहे, 'जि. नागपूर, सी.पी.'. तेव्हा नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी. त्याच्या वरच्या कार्डांवर 'मध्य प्रदेश'. मग १ नोव्हेंबर १९५६ नंतर 'मुंबई राज्य'. आणि १ मे १९६० नंतर 'महाराष्ट्र'. पुढं १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला, तर ४४ चा आकडा लागला. आमच्या आजीनं उभ्या जन्मात एकच उंबरठा ओलांडला, माहेरचा. पण तिची चार राज्यं झाली, आणि तिला एकाचाही पत्ता नव्हता. ती म्हणे, आपलं राज्य पंढरीत.

आता आजोबा. आजोबा कोणत्या साली गेले, हे घरात कोणाला नीट सांगता येत नव्हतं. कार्डांतही कुठं नाही. कारण आपल्याला माहीत आहे. मरणाचं कार्ड घरात ठेवत नाहीत. त्याला वर 'श्री' नसतो, त्याचा एक कोपरा फाडलेला असतो, ते अंगणात उभ्यानं वाचायचं, फाडायचं आणि आंघोळ करून घरात यायचं. म्हणून तारेला टोचलेल्या कार्डांत मरण सापडत नाही. पण एका दसऱ्याच्या कार्डावर 'सौ. आईस नमस्कार' असं आहे, आणि पुढच्या संक्रांतीच्या कार्डावर 'गं. भा. आईस'. दोन कार्डांमधे आजोबा गेले. एका अक्षरानं कपाळाचं कुंकू पुसलं गेल्याचं सांगितलं. आजोबा गेले ते दिवस थंडीचे होते, हे आम्हाला या वयात असं कळलं.

आमचे एक चुलते नागपूरला एम्प्रेस मिलमधे होते. टाटांनी १८७७ साली काढलेली मिल, स्टेशनाजवळ. गावातले किती तरी लोक तिथं साच्यावर होते. चुलत्यांच्या प्रत्येक कार्डात एक ओळ ठरलेली, 'पगार झाल्यावर मनिऑर्डर करतो'. पुढं मिल बंद झाली. त्यानंतरची त्यांची तीनच कार्डं आहेत. तिन्हींत 'सर्व कुशल'. पण ती मनिऑर्डरची ओळ नाही. एका कार्डात लिहिलं आहे, 'आता सकाळी लवकर उठावे लागते, बाजार पहाटे भरतो'. आम्ही तेव्हा वाचलं आणि तारेला टोचलं. साच्यावरचा माणूस पहाटे बाजारात काय करतो, असं कोणी विचारलं नाही. पुढं कळलं, चुलते भाजीची हातगाडी लावत होते. त्यांनी सांगितलं होतं. आम्ही ऐकलं नाही.

आपल्या दिंडीची कार्डं पण आहेत. वारीला गेलेले लोक वाटेतून घरी कार्ड टाकत. 'एकादशी घडली, चंद्रभागेचे स्नान झाले, काला करून कुर्डुवाडीच्या लहान गाडीने निघू'. ती लहान गाडी म्हणजे बार्शी लाईट. पायी जायचं, आणि येताना ज्याला जमेल त्यानं गाडी धरायची. एका साली परभणीहून टाकलेल्या कार्डात नऊ जणांचा नमस्कार आहे, नावं घेऊन. त्याच साली पंढरपूरहून टाकलेल्या कार्डात आठ जणांचा. नववा कुठं गेला? गावातल्या नव्वदीच्या एका माउलीला विचारलं. ती म्हणाली, तो अंबाजोगाईच्या पुढं गेला, तिथंच त्याला अग्नी दिला, आणि दिंडी पुढं चालली. मायबाप, शंभर वर्षांचा इतिहास लिहिताना त्या नवव्याचं नाव आपल्या वहीत नव्हतं. आता या ग्रंथात घातलं आहे.

पत्राचा मायना आपल्या संप्रदायात काही लहान गोष्ट नाही. चांगदेव महाराज ज्ञानोबा माउलींना पत्र लिहायला बसले आणि पहिल्याच शब्दाला अडले. चिरंजीव लिहावं, तर हे ज्ञानानं मोठे. तीर्थरूप लिहावं, तर वयानं पोर. शेवटी कोराच कागद पाठवला. आणि माउलींनी तो कोरा कागद वाचला. त्याचं उत्तर पासष्ट ओव्यांत दिलं, ती चांगदेव पासष्टी. लिहिलेलं वाचणारे पुष्कळ असतात. न लिहिलेलं वाचायला माउली लागते.

आता आमची गोष्ट सांगतो. ती सांगण्यासाठीच उभे राहिलो आहोत.

आम्ही चौथीत होतो तेव्हा आमच्या आळीत वाचता येणारे कमी. बायकामंडळींत तर कोणीच नाही. म्हणून कार्ड आलं की हाक यायची, 'अरे पोट्ट्या, इकडं ये, कार्ड वाच'. वाचायला गुळाचा खडा, लिहायला मूठभर फुटाणे. लिहिणं जास्त कठीण. एक आजोबा होते, त्यांचं सांगणं संपतच नसे. कार्ड भरलं की म्हणत, आडवं धर. आडवं भरलं की म्हणत, आता ओळींच्या मधून लिही. सगळं झाल्यावर म्हणत, शेवटी लिही की जागा नसल्यामुळं थोडक्यात लिहिलं आहे.

गावभरचं सुखदुःख आमच्या तोंडून जात होतं. आम्हाला त्याचा गर्व होता. नऊ-दहा वर्षांचं पोर, पण म्हातारी माणसं समोर बसून तोंडाकडं पाहत. वाचणाऱ्याच्या हाती केवढी सत्ता असते, ते तेव्हाच कळलं. तिचं ओझं कळायला मात्र पन्नास वर्षं लागली.

आमची आत्या यवतमाळ जिल्ह्यात दिली होती, पैनगंगेच्या अल्याडच्या गावी. आपल्या दिंडीच्या वाटेवरचंच गाव. तिला लिहिता येत नव्हतं. कार्ड तिथले कोणी गुरुजी लिहून देत. पण कार्ड टाकण्याआधी आत्या हळदीचं बोट कोपऱ्याला लावायची. आजीलाही वाचता येत नव्हतं. पण कार्ड हातात घेतलं की पिवळा कोपरा पाही आणि म्हणे, माह्या लेकीचं हाय.

वैशाखात आत्याचं एक कार्ड आलं. बाबा ओसरीवर होते. आम्ही त्यांना वाचून दाखवलं. ते कार्ड आज आम्ही पुरं वाचतो. असं आहे:

'श्री. ती. दादा व सौ. वहिनी यांस शि. सा. न. वि. वि. इकडील सर्व कुशल. तुमचे कुशल कळवणे. नांगरणी झाली असेल. लहानग्यास दात आले. आईस सांगावे की, माझा ताप महिना झाला उतरत नाही. आईस लवकर पाठवावे. दिंडीची वाट पाहू नये. लहानांस आशीर्वाद. पत्राचे उत्तर द्यावे.'

बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, आजीला तापाचं वाचू नको. कुशल आहे म्हण.

बाबांना आम्ही दोष देत नाही. तेव्हाही दिला नाही, आजही देत नाही. पेरणी तोंडावर होती. जोडीतला एक बैल बसला होता. बियाण्याला पैसे नव्हते, एस.टी.च्या भाड्याला कुठून आणणार? आणि पंधरा दिवसांनी दिंडी निघणारच होती. आजी दरसालची वारकरी. आपल्या पायानं लेकीच्या दारात पोचली असती. ताप काय, येतो आणि उतरतो. बाबांनी असा हिशेब केला. आपण कोणीही असाच केला असता.

आजी तुळशीपाशी माळ ओढत बसली होती. आम्ही कार्ड वाचलं. सर्व कुशल. नांगरणी झाली असेल. लहानग्यास दात आले. तीन ओळी गाळल्या आणि पुढं 'लहानांस आशीर्वाद' वाचलं. आजी हसली. म्हणाली, दात आले का? आता दिंडीत गेली की पाहीन.

ज्येष्ठात दिंडी निघाली. आजीनं गाठोड्यात लेकीसाठी शेवया, कुरड्या आणि एक हिरवं लुगडं घेतलं. दिंडी जाऊन आठ-दहा दिवस झाले असतील. पोस्टमन आला. त्यानं कार्ड घरात टाकलं नाही, आम्हाला अंगणात बोलावून हातात दिलं. कोपरा फाटलेला होता. वर 'श्री' नव्हता. बाबांना आम्हीच वाचून दाखवलं. बाबा धुऱ्यावर जाऊन बसले. आता आजीला कसं कळवायचं? तार करायची तर कोणत्या मुक्कामाला? दिंडी चालती. तिला पत्ता नसतो.

पुढचं आम्ही पाहिलं नाही, दिंडीतल्या लोकांनी सांगितलं. आत्याच्या गावाची शीव आली तशी आजी रांग सोडून पुढं झाली. दारात पोचली तर जावयानं लहानग्याला तिच्या ओटीत दिलं, आणि ती समजली. विणेकऱ्यानं भजन थांबवायची खूण केली. आजी म्हणाली, थांबवू नका. रात्रभर नातवाला घेऊन बसली. लुगडं आत्याच्या जावेच्या हाती दिलं. सकाळी दिंडीसोबत पुढं निघाली. पंढरीला पोचली, एकादशी केली, काला करून घरी आली.

घरी आल्यावर तिनं बाबांना काही विचारलं नाही. श्रावणात एका संध्याकाळी आम्ही एकटे तिच्याजवळ होतो. तिनं माळ थांबवली आणि विचारलं, 'काहून रे बाळा, तुह्या आत्यानं त्या कार्डात माह्यासाठी काही लिवलं होतं का?'

मायबाप, पहिल्यांदा खोटं वाचलं ते बापाच्या सांगण्यावरून. पोर होतो. ते आमच्या खाती अर्धं धरा. पण त्या संध्याकाळी बाबा तिथं नव्हते. कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही म्हटलं, 'नाही आजी. सगळं कुशल होतं.' ते सगळं आमच्या खाती.

आजी म्हणाली, 'बरं.' आणि माळ ओढू लागली.

त्या सालानंतर आमची शाळा सुटली. बैलामागं लागलो. पुढं आजीनंच आम्हाला दिंडीत आणलं, गळ्यात माळ घातली, हातात टाळ दिला. चाळीस वर्षं कीर्तनं केली. खरं बोलावं, हे गावोगाव सांगितलं. पण हे कधी सांगितलं नाही.

आता त्या तारेकडं परत या. तारेला आत्याची सगळी कार्डं सापडली. पिवळे कोपरे आता तांबूस झाले आहेत. पण वैशाखातलं ते कार्ड काही तारेला नव्हतं. आम्ही म्हटलं, सुटलं असेल, उंदरानं नेलं असेल. नंतर संदूक उघडली. आत आजीची वारीची झोळी होती. झोळीत गोपीचंद, बुक्क्याची डबी, तुळशीची जुनी माळ, आणि चार घड्या घातलेलं एक कार्ड. तेच ते. मधे तारेचं भोक आहे, म्हणजे ते आधी तारेला होतं. मग कोणी तरी काढलं. घड्यांवर ते इतकं झिजलं आहे की उजेडासमोर धरलं तर पलीकडचं दिसतं. ते एकदोन वेळा उघडलेलं कार्ड नाही.

आजीला वाचता येत नव्हतं. पिवळा कोपरा मात्र ओळखता येत होता. लेकीचं शेवटचं कार्ड म्हणून तिनं नुसतं जवळ ठेवलं असेल. किंवा दिंडीत वाचता येणारे होतेच. विणेकरी होते, पोथी सांगणारे होते. एखाद्या मुक्कामावर तिनं कोणापुढं धरलं असेल, आणि त्यानं पुरं वाचलं असेल. तसं झालं असेल तर आजीला सगळं माहीत होतं. आम्ही खोटं बोललो तेही माहीत होतं. आणि तरी तिनंच आमच्या गळ्यात माळ घातली. काय झालं ते कार्ड सांगत नाही. आम्ही महिनाभर ते हातात धरून बसलो, तरी सांगत नाही.

आपण विदर्भाची माणसं. आपली रखुमाई म्हणजे विदर्भाची लेक. वर्धा नदीच्या काठचं कौंडण्यपूर तिचं माहेर, आजही तिथून तिची पालखी पंढरीला पायी निघते. त्या लेकीनंही पत्र पाठवलं होतं. भागवताच्या दहाव्या स्कंधात आहे, सात श्लोकांचं. सार एवढंच, ये आणि मला घेऊन जा, उशीर करू नको. घरचं म्हणणं वेगळं होतं. पत्र नेणारा एक ब्राह्मण होता. तो द्वारकेला गेला आणि जसं होतं तसं सगळं त्यानं देवाला सांगितलं. एक अक्षर गाळलं नाही. देव त्याच रात्री रथात बसला. कीर्तनात आम्ही देवाचं सांगतो, रुक्मिणीचं सांगतो. त्या ब्राह्मणाचं कोणी विशेष सांगत नाही. पण त्यानं वाटेत विचार केला असता, की उशीर करू नको हे कशाला सांगा, देवाला घोर लागेल, तर? तर पंढरीच्या विटेशेजारी रखुमाई उभी नसती.

वाचणारा आणि निरोप नेणारा हा हमाल आहे. माल त्याचा नाही. पोतं उचलायचं आणि पोचवायचं. वाटेत सोडून त्यातलं मूठभर काढायचा त्याला अधिकार नाही.

काही लोक म्हणतील, महाराज, म्हातारीला दुःख होऊ नये म्हणून लपवलं, त्यात काय पाप? आम्हीही पुष्कळ वर्षं मनाची तशीच समजूत घातली. पण दुःख तर तिला झालंच. चुकली ती भेट. लेकीच्या कपाळावर हात ठेवायचे पंधरा दिवस तिच्या हक्काचे होते, ते आम्ही तीन ओळींबरोबर गाळले. आत्या वाचली असती असं आम्ही म्हणत नाही. ते त्या विठ्ठलाला माहीत. पण मायलेकी भेटल्या असत्या.

आज कार्डं गेली. तार २०१३ साली बंद झाली. पण आंधळ्या विश्वासानं दुसऱ्याच्या तोंडाकडं पाहणारी माणसं अजून घरोघरी आहेत. मोबाईलवर पोराचा मेसेज येतो, म्हातारा म्हणतो, वाचून दाखव. बँकेची नोटीस येते, सातबाऱ्याचा कागद येतो, डॉक्टरची चिठ्ठी येते. वाचणारा नातू असतो, सून असते. तो म्हणतो, काही नाही आजोबा, सगळं ठीक आहे. बाळांनो, तुम्ही तरुण मंडळी इथं बसून राहिलेत, तुम्हाला हात जोडून सांगतो, पुरं वाचा. गोड शब्दांत सांगा, जवळ बसून सांगा, हात धरून सांगा, पण पुरं सांगा. आणि कोणी 'सर्व कुशल' म्हटलं, तर एकदा परत विचारा. आमच्या चुलत्यांना आम्ही विचारलं नाही.

आता शेवटचं. आत्याचा तो लहानगा, ज्याला तेव्हा दात येत होते, तो आज आपल्यात बसला आहे. डोईचे केस पांढरे झाले. दरसाल त्याच्या गावी आपल्या दिंडीचा मुक्काम असतो, तो स्वतःच्या हातानं पंगतीला वाढतो. या सोहळ्याला आम्ही त्याला मुद्दाम बोलावलं. काल रात्री सगळे झोपल्यावर त्याला ओसरीवर बसवलं, सगळं सांगितलं आणि कार्ड त्याच्या हाती दिलं. मनात ठरवलं होतं, तो जे बोलेल ते ऐकून घ्यायचं.

त्यानं कार्ड वाचलं. परत वाचलं. मग म्हणाला, भाऊ, हा पिवळा डाग कशाचा? आम्ही सांगितलं, तुझ्या आईच्या बोटाचा. त्यानं त्या डागावर आपलं बोट ठेवलं. त्याच्याकडं आईचा फोटो नाही, कोणतीच वस्तू नाही. बराच वेळ तसाच बसला. मग एवढंच म्हणाला, 'भाऊ, हे मी नेऊ का?'

आम्ही म्हटलं, तुझंच आहे. आज वाचायला म्हणून त्याच्याकडून मागून आणलं. आता सगळ्यांदेखत परत देतो.

दिंडीच्या मंडळींना आमची एक विनंती आहे. ज्यांच्या घरी अशी तार असेल, संदुकीत पुडकं असेल, त्यांनी ते जाळू नये, रद्दीत देऊ नये. ओल लागणार नाही अशा जागी ठेवा. सुकवलेला कडुलिंबाचा पाला आत टाका म्हणजे कसर लागणार नाही. घरात जुनं माणूस असेल तोवर त्याला पुढं बसवून एकेक कार्ड वाचून दाखवा. हा मामा कोण, ही सौ. कोणाची, हे विचारून वेगळ्या वहीत लिहून ठेवा. ते माणूस गेलं की कार्ड मुकं होतं. आणि ज्यात दिंडीचा उल्लेख असेल ते आपल्या मठात दाखवायला आणा. कोण कोण चाललं आणि कोण वाटेत राहिलं, ते त्यातून कळेल. नवव्या माणसाचं कळलं तसं.

एक आणखी. जे पंढरीला जातील त्यांनी तिथून घरी एक कार्ड टाकावं. फोन आहे, ठाऊक आहे. तरी टाका. कार्ड पोचायच्या आधी तुम्ही घरी पोचाल, तरी टाका. फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं. कार्ड राहतं. पन्नास वर्षांनी कोणी घर पाडेल तेव्हा सापडेल. आणि त्यात नुसतं कुशल लिहू नका. पाय दुखत असतील तर पाय दुखतात असं लिहा. आठवण येत असेल तर येते असं लिहा.

बोलण्यात अधिक-उणं झालं असेल तर लेकरू समजून पोटात घाला. मनातलं ओझं या मंडपात उतरवलं, आपण ते ऐकून घेतलं, हेच आमचं पंढरीचं दर्शन.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!